झुनीच्या रस्त्यावर थांबलेल्या त्या दोघांचे आभार

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात झुनी या मूळनिवासी लोकांचे झुनी पुएब्लो हे गाव आहे; तिथल्या एका लहान कॅथलिक शाळेत मी शिकवते. गेल्या ऑक्टोबरमध्ये अकरा मुलांना घेऊन आम्ही पिन्यॉन या पाइन झाडाच्या खाण्याच्या बिया वेचायला गेलो होतो. पीक चांगले आले की झुनी कुटुंबे शरद ऋतूत हेच करतात. परतताना कच्च्या रस्त्यावर गाडीचे चाक पंक्चर झाले, जादा चाकातही हवा नव्हती आणि मोबाइलला रेंज नव्हती. सहा हजार फुटांहून अधिक उंचीवरच्या या प्रदेशात सूर्य कलला की थंडी झपाट्याने वाढते, आणि काही मुलांच्या अंगात केवळ पातळ स्वेटर होते.

तेवढ्यात सरपण भरलेली पिकअप गाडी थांबली. तिच्यात एक आजोबा आणि त्यांची सून होती. आजोबांनी चाक काढून गावात नेले आणि दीड तासाने दुरुस्त करून स्वतः बसवून दिले. तोवर सून आमच्यापाशीच राहिली. अंगणातल्या मातीच्या भट्टीत भाजलेला, घरी न्यायचा पाव फडक्यातून काढून तिने तो हातांनी मोडत प्रत्येक मुलाला दिला, स्वतःसाठी तुकडाही ठेवला नाही. सर्वांत लहान मुलगा रडत होता. त्याला आपल्या शालीत घेऊन ती झुनी भाषेत, जिची एकही भगिनीभाषा जगात ज्ञात नाही त्या भाषेत, हळूहळू काही सांगत राहिली आणि तो शांत झाला.

आजोबांनी पैसे घेतले नाहीत. मुलांनी दिलेल्या मूठभर बिया मात्र आनंदाने खिशात ठेवल्या.

गडबडीत आपली नावे विचारायची राहून गेली. एलाहक्वा, म्हणजे झुनी भाषेत धन्यवाद; मनापासून आभार. ताई, आपले फडके धुऊन शाळेत जपून ठेवले आहे.