एक दात कमी केला म्हणून ताकद वाढत नाही हो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत बाइकवर एक लेख आला होता. पुढचं स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक) एक दात कमीचं टाका आणि अर्ध्या तासात गाडीची ताकद वाढवा, असं त्यात चक्क लिहिलंय. तो वाचून आमच्या भाच्याने त्याच रात्री १४ दात्यांचं स्प्रॉकेट मागवलं सुद्धा, म्हणून म्हटलं आता लिहायलाच पाहिजे. मी मेकॅनिक नाही, पण हा उद्योग स्वतःच्या गाडीवर करून पस्तावलेला माणूस आहे.

पहिली गोष्ट, ताकद वाढत नाही. इंजिन तेच, पेट्रोल तेच, मग ताकद येणार कुठून? बदलतो तो फक्त हिशोब, म्हणजे पुढचं स्प्रॉकेट किती वेळा फिरलं की मागचं चाक एकदा फिरतं. पुढे १५ आणि मागे ४५ दाते असतील तर ४५ भागिले १५, बरोबर ३. पुढे १४ टाकलं की तोच आकडा ३.२१ होतो, म्हणजे ७ टक्क्यांच्या आसपास फरक. आता चाकावर जोर ७ टक्के जास्त मिळतो हे खरं, पण त्याच स्पीडला इंजिनला पण ७ टक्के जास्त फिरावं लागतं. ८० च्या स्पीडला आधी ५००० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ५००० फेरे, असेल तर आता ५३५० च्या पुढे. गिअरची सायकल चालवलेल्या कुणालाही हे कळेल, चढावर पुढची चकती लहान केली की पेडल हलकं लागतं पण पाय भराभर मारावे लागतात, तेव्हा काय आपल्या मांड्या मजबूत होतात का?

आता कुणी म्हणेल, मग लोक करतात ते येडे आहेत का? नाही. काही गाड्या कंपनीतूनच इतक्या लांब गिअरिंगच्या (म्हणजे हा आकडा फारच कमी ठेवलेल्या) येतात की सरळ रस्त्यावर सहाव्यात टाकलं की गाडी मरगळते आणि पाचव्यातच जास्त पळते. अशा गाडीला एक दात कमी केला तर टॉप गिअर खरंच वापरात येतो. घाटात डबल सीट आणि सामान घेऊन जाणारे, चिखला-दगडात हळू चालवणारे, यांना पण फायदा आहे, सारखं हाफ क्लच करावं लागत नाही. उलट जो रोज हायवेवर तासन् तास एकाच स्पीडने जातो त्याने पुढे एक दात वाढवून बघावा, इंजिन शांत होतं, फक्त पिकअप थोडा जातो आणि मोठं स्प्रॉकेट कव्हरच्या आत मावतंय का ते आधी बघावं लागतं. पण लेखात यातलं काहीच नाही, सगळ्यांना एकच औषध.

माझं सांगतो. माझी गाडी पाच गिअरची. १४ टाकलं आणि पहिले दोन दिवस मी हवेत होतो, सिग्नल सुटला की गाडी अशी उचलायची की बास. तिसऱ्या दिवशी लांब जायचं होतं. तासाभरात लक्षात आलं की माझा डावा पाय सारखा सहावा गिअर शोधतोय, जो गाडीला नाहीच! इंजिन ओरडतंय, हँडलमधून झिणझिण्या येतायत, आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गाडी आधीपेक्षा जास्त अडखळते कारण इंजिन ब्रेकिंग, म्हणजे इंजिननेच गाडी मागे ओढणं, पण त्याच हिशोबात वाढतं. अ‍ॅव्हरेज पण उतरलं, ते उतरणारच होतं, तेवढंच अंतर जायला इंजिनचे फेरे जास्त.

पण लेखात जी गोष्ट असायलाच हवी होती ती स्पीडोमीटरची. काही गाड्यांमध्ये स्पीड पुढच्या चाकावरून मोजतात, त्यांना काही फरक पडत नाही. पण ज्यांचा सेन्सर गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टवर असतो त्यांना कळतच नाही की तुम्ही स्प्रॉकेट बदललंय, त्यांच्या मते पुढे अजून १५ च दाते आहेत. माझी तशीच. काटा ८० दाखवायचा आणि मोबाइलच्या जीपीएसवर ७५ पण पूर्ण होत नव्हते. आधी वाटलं मोबाइल येडा झालाय. बरं नुसता काटा चुकत नाही, किलोमीटर पण चुकतात, खरे १०,००० झाले की मीटरवर १०,७०० च्या वर दिसणार. आणि उलटं केलं, म्हणजे पुढे मोठं टाकलं, की काटा कमी दाखवतो, आपण ८० बघून निवांत असतो आणि गाडी ८५ ला असते. जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर हे डोक्यात ठेवाच, मीटरला हात न लावता किलोमीटर कमी दाखवायची ही एक वाट आहे. स्प्रॉकेटवर दात्यांची संख्या बहुतेक कोरलेली असते, कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याशी जुळवून बघायला दोन मिनिटं लागतात.

दुसरं, अर्धा तास. भाच्याचं स्प्रॉकेट आलं तेव्हा आम्ही दोघांनी मिळून कव्हर उघडलं. आत डांबरासारखं काळं ग्रीस आणि मातीचा थर, तो स्क्रू ड्रायव्हरने खरवडण्यातच पाऊण तास गेला. खालून जुनं स्प्रॉकेट निघालं तर दाते एका बाजूला झिजून हुकासारखे झालेले. मागच्याची पण तीच गत, चेन मागून ओढली तर दात्यावरून अर्धी वर उचलली जात होती. आता यावर नुसतं पुढचं नवीन बसवलं असतं तर झिजून लांबलेल्या चेनने ते नवं स्प्रॉकेट बघता बघता खाल्लं असतं. हे तिन्ही एकत्रच बदलायचं असतं, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट. भाचा म्हणाला मामा, लेखात असं कुठे लिहिलंय? तेच तर म्हणतोय मी.

आणि पुढचं स्प्रॉकेट शाफ्टवर धरून ठेवणाऱ्या नटाबद्दल एक शब्द नाही! तो नट चांगलाच टाइट असतो. चेन चढलेली असताना, गाडी गिअरमध्ये टाकून, दुसऱ्याने मागचा ब्रेक दाबून धरला की सुटतो, आधी चेन काढून बसलात तर शाफ्ट धरायचा कशाने? बऱ्याच गाड्यांत नटाखाली लॉक वॉशर असतो, त्याची कड नटावर वाकवलेली असते, ती आधी सरळ करायची आणि बसवताना परत वाकवायची. माझ्या वेळी मी काम बाहेर करून घेतलं होतं आणि ती कड वाकवायची राहून गेली होती, महिन्याभरात नट हाताने फिरेल इतका ढिला झाला. आवाज आला म्हणून बघितलं, नाहीतर चालत्या गाडीत स्प्रॉकेट निसटून चेन गुंतली असती.

१४ म्हणजे तसं थोडक्यात भागलं. काही जण १५ वरून थेट १३ वर उडी मारतात. ५२० च्या (हा चेनचा एक ठरलेला साइज) चेनला एक दात कमी झाला की स्प्रॉकेटचा व्यास साधारण ५ मिलिमीटर घटतो, चेनला जास्त तीव्र वाकावं लागतं, आणि स्प्रॉकेट लहान म्हणून तेवढ्याच टॉर्कला (फिरवण्याच्या जोराला) चेनवर ताण पण जास्त येतो. वरची चेन खाली येऊन स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) रबरी पट्टीवर जास्त घासायला लागते ते वेगळंच. म्हणून माझं मत, पुढे एकापेक्षा जास्त दात कमी करू नये, त्याहून जास्त फरक हवा असेल तर मागचं मोठं करावं. पुढचा एक दात म्हणजे मागचे साधारण तीन, पुढे १५ मागे ४८ केलं की ३.२, जवळपास तेच. चेनवरचा ताण पण वाढत नाही. पण तीन दाते वाढले की चाक सुमारे १२ मिलिमीटर पुढे सरकवावं लागतं, चाक पुढे-मागे करायच्या अ‍ॅडजस्टरमध्ये तेवढी जागा नसेल तर लांब चेन घ्या, म्हणजे खर्च आलाच. आणि नंतर चेन किती ढिली ठेवायची ते पुस्तकात बघून ठेवा, टाइट चेन छान वाटते पण गिअरबॉक्सच्या बेअरिंगची वाट लावते.

भाच्याने शेवटी १५ आणि ४५ चाच नवीन सेट टाकला. गाडी चालवून आला आणि म्हणतो मामा, पिकअप केवढा वाढलाय! अरे बाबा, जुनी चेन गेली म्हणून. ते मागवलेलं १४ अजून डब्यातच आहे.

तरी पुढच्या रविवारी निदान दोन ओळी छापा, की ताकद वाढते हे चुकीचं आहे आणि स्प्रॉकेट बदलल्यावर काही गाड्यांचा मीटर खोटं बोलतो. स्पीडचं ज्याचं त्याने बघावं, पण वाचून ज्यांनी ऑर्डर दिली असेल त्यांनी नट सोडायच्या आधी चेन काढू नये एवढं तरी कळवा.

आपला,
एक नियमित वाचक