आज उद्यावर नेऊ नका

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मैत्रिणीवर शनिवारी रात्री अत्याचार झाला आणि आज सोमवार. हे वाचून झालं की तिला विचार आणि दवाखान्यात घेऊन जा. तक्रार करायची का, घरी कळवायचं का, ते ती सावकाश ठरवेल. औषधांना मात्र मुदत आहे. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी आणि एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, म्हणजे उद्या रात्रीच्या आत, आणि जितकी लवकर तितकी चांगली. एचआयव्हीच्या गोळ्या २८ दिवस घ्यायच्या असतात. मळमळ होते म्हणून मध्येच सोडल्या जातात. तसं न करता डॉक्टरांना सांगा.

वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात जा. महापालिका आणि 'सेहत' संस्थेनं २००० साली तिथं 'दिलासा' हे समुपदेशन केंद्र सुरू केलं. रात्र झाली तर थेट कॅज्युअल्टी गाठा. "आधी एफआयआर आणा" असं कुणी म्हणालं तर हलू नका. सरकारी असो की खासगी, अशा वेळी मोफत उपचार देणं प्रत्येक रुग्णालयाला बंधनकारक आहे. रुग्णालय पोलिसांना कळवेल, त्यांना ते करावंच लागतं. पण ती सज्ञान आहे, पोलिसी तपासात पडायचं नसेल तर तसं लिहून देता येतं. उपचार त्यामुळे अडत नाहीत. तपासणीतल्या कुठल्याही टप्प्याला ती नाही म्हणू शकते. योनीत दोन बोटं घालून करायच्या चाचणीला बंदी आहे, ती करू देऊ नका.

शनिवारचे कपडे धुतले नसतील तर प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत घाला. प्लास्टिकमध्ये दमटपणा कोंडतो, बुरशी धरते आणि पुरावा वाया जातो. तिनं आंघोळ केली असली तरी चालेल, तिला बोल लावू नकोस. ९६ तासांपर्यंत नमुने घेतात.

"तू गेलीसच कशाला?" हे चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नकोस. खोदून विचारू नकोस. ती सांगेल तेवढं ऐक. जवळ घ्यायचं तर आधी विचार.

रात्री झोप लागली नाही, दचकून उठली, तर १४४१६ लावा. ही मानसिक आधारासाठीची टेलिमानस सेवा. मोफत, चोवीस तास, मराठीतही. एका समुपदेशकाशी सूर जुळला नाही तर पुन्हा लावा, दुसरं कुणी बोलेल. पहिले काही आठवडे असा त्रास होतोच, पण महिना उलटूनही ओसरला नाही तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला हवं. जीव नकोसा झाला असं म्हणाली तर क्षणभरही एकटी सोडू नकोस, कॅज्युअल्टीत ने किंवा ११२ लाव.

पुढे वकील लागला तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळतो.

निघताना तिचा एक जादा ड्रेस, आतले कपडे आणि चपला घे. अंगावरचे कपडे तिथं ठेवून घेतात, आणि तिला परत बाहेर पडायचं असतं.

पोहोचलात की फोन कर.

आई