मथळे पडू द्या की जरा खाली!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत परवा मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेवर लेख आला, चांगला होता, पण त्यात एक वाक्य होतं की ब्राउझरमध्ये कुठलाही कोड कधीही चालवू नका. अनोळखी माणसाने दिलेला चालवू नका म्हणाला असतात तर शंभर टक्के मान्य, पण "कुठलाही" म्हटलं की त्यात स्वतः लिहिलेला पण आलाच, आणि मग बुकमार्कलेटसारख्या भन्नाट गोष्टीवरही फुली बसते त्याचं काय?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपण बुकमार्क सेव्ह करतो ना, त्यात साइटच्या पत्त्याऐवजी जावास्क्रिप्ट हा शब्द, मग कोलन आणि त्यापुढे कोड टाकायचा, झालं बुकमार्कलेट. त्यावर क्लिक केलं की समोर जे पेज उघडं असेल त्यावर तो कोड चालतो. ॲप नको, इन्स्टॉल नको, अकाउंट तर नकोच नको. आणि हे काही आजचं फॅड नाही, जावास्क्रिप्ट ही ब्राउझरमध्ये चालणारी प्रोग्रामिंगची भाषा १९९५ मध्ये नेटस्केप या तेव्हाच्या ब्राउझरसाठी बनली तेव्हाच्या जमान्यापासून ही सोय आहे. मध्ये २०१० च्या आसपास एक बुकमार्कलेट खूप फिरत होतं, क्लिक केलं की पेजवर छोटंसं त्रिकोणी यान यायचं आणि १९७९ च्या ॲस्टरॉइड्स गेमसारखं गोळ्या झाडून मजकूर उडवत सुटायचं. कंटाळवाण्या पेजवर तर विशेष मजा यायची.

असली करामत करायला फार मोठं डोकं लागतं असं काही नाही. उदाहरणार्थ पेजवरचे सगळे मथळे आणि फोटो धपाधप खाली पाडायचे आहेत. आधी ते सगळे गोळा करायचे, प्रत्येकाची जागा विचारून घ्यायची, प्रत्येकाला वेग शून्य द्यायचा, आणि मग स्क्रीनच्या प्रत्येक फ्रेमला वेगात थोडी भर घालायची आणि तो वेग जागेत मिळवायचा. झालं गुरुत्वाकर्षण! तळाला आपटलं की वेगाचं चिन्ह उलटं करून ०.७ ने गुणायचं, म्हणजे मथळा टप्पा घेऊन परत वर येतो पण आधीच्या जवळपास निम्म्याच उंचीपर्यंत (०.७ चा वर्ग ०.४९, उंची वेगाच्या वर्गावर जाते, शाळेतलं सूत्र इथे डोळ्यांसमोर नाचतं). आता त्या ०.७ चे १ करून बघा, मथळे थांबतच नाहीत, आणि १.१ केलेत तर दोन-चार टप्प्यांतच पेजवर धुमाकूळ. हा एक आकडा बदलून बघण्यात मुलं जी रमतात ना, ते कुठल्याही क्लासमधल्या "व्हेरिएबल म्हणजे काय" या पाठापेक्षा लाखपटीने बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हलवताना मात्र ट्रान्सफॉर्मने (म्हणजे मांडणीला हात न लावता नुसतं सरकवून) हलवायचं, मार्जिन म्हणजे भोवतीची मोकळी जागा वगैरे बदलत बसलात तर ब्राउझर दर फ्रेमला पेजची मांडणी नव्याने करत बसतो आणि सगळं अडखळतं. कोड पूर्ण एका फंक्शनमध्ये, म्हणजे कोडच्या एका बंद डब्यात, गुंडाळायचा, कारण शेवटी चुकून एखादी स्ट्रिंग (म्हणजे मजकुराचा तुकडा) परत आली तर ब्राउझर अख्खं पेज पुसून तेवढीच दाखवतो. बाहेरून स्क्रिप्ट ओढू नका, बऱ्याच साइट्सच्या सुरक्षा धोरणात ती अडते. आणि लुकलुकणारे इफेक्ट करायचेच असतील तर सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखाट नको, काही जणांना त्याने फिट येऊ शकते, इथे मजा बाजूला ठेवायची.

पण मी हे पत्र लिहायला घेतलं ते दुसऱ्याच कारणासाठी. एवढा सगळा धुडगूस घालून झाला की पेज रिफ्रेश करायचं, आणि सगळं जागच्या जागी! कारण पाडलं ती आपल्या स्क्रीनवरची कॉपी होती, साइटच्या सर्व्हरला गंधही नाही. आता पुढची गंमत बघा, एका ओळीचं बुकमार्कलेट असतं, बॉडीचं कंटेंट एडिटेबल ट्रू करायचं बास, की अख्ख्या पेजवर कर्सर लागतो आणि तुमच्या साइटवरची हेडलाइन कुणीही हवी तशी टाइप करू शकतं, फॉन्ट तुमचा, लोगो तुमचा, वर तारीखही तुमचीच. त्याचा स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला तर ओळखणार कोण? ज्या मुलाने हे स्वतःच्या हाताने एकदा केलंय त्याला कुणी "बघ पेपरमध्ये आलंय" म्हणून स्क्रीनशॉट पाठवला तर ते आधी मूळ लिंक मागेल. फेक न्यूजवर तुम्ही एवढे रकाने भरता, त्यात हे प्रात्यक्षिक अजून कसं आलं नाही याचंच मला नवल वाटतं.

धोक्याचं म्हणाल तर तेही यातूनच कळतं. बुकमार्कलेट त्या पेजवर तुमच्याच अधिकाराने चालतं, म्हणजे तुम्ही लॉगिन असाल तर तुम्हाला दिसतं ते सगळं त्याला वाचता येतं आणि तुमच्या नावाने बटणंही दाबता येतात. म्हणून बँकेच्या पेजवर हे असले उद्योग अजिबात नाहीत, आणि दुसऱ्याने दिलेला कोड वाचून कळत नसेल तर तो ठेवायचाच नाही. ब्राउझरवाल्यांनाही हे माहीत आहे, ॲड्रेस बारमध्ये असला कोड पेस्ट केलात तर क्रोम पुढचा जावास्क्रिप्ट हा शब्दच गुपचूप उडवतं.

तेव्हा विनंती एवढीच की पुरवणीत महिन्यातून एकदा चार-पाच ओळींचं एखादं बुकमार्कलेट छापा, सोबत कुठली ओळ काय करते ते सोप्या भाषेत. फक्त छापताना आणि साइटवर टाकताना अवतरणचिन्हं सरळ ठेवा हं, नेहमीसारखी वळणदार छापलीत तर कोड चालणार नाही आणि तक्रारीची पत्रं तुम्हालाच येतील.

आपली,
एक नियमित वाचक