कारखान्यातली पदवी

संपादक महोदय,

बारावीनंतर कॉलेजात जागा मिळत असूनही मी चाकणच्या एका मोटार कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलो. काम करत करत पदवी, अशी ती योजना. आईला अजून वाटतं, पोरगा हेल्पर झाला!

पहिले तीन महिने चाकांचे नट आवळले. नटाला ठरलेला पीळ, म्हणजे टॉर्क, बसून टॉर्क रेंच हा पाना ‘कट्’ वाजला की थांबायचं, नटावर मार्करची खूण, पुढची गाडी. एकदा खूण राहिली. शेजारच्या काकांनी दोरी ओढली, लाइन थांबली आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. टॉर्कची व्याख्या अकरावीत पाठ होती. नट ढिला राहिला तर काय होईल, ते काकांनी त्या मिनिटभरात ऐकवलं.

कामाबद्दल तक्रार नाही. सहा दिवस पहाटे साडेपाचची कंपनीची बस आणि सुटीच्या रविवारी थर्मोडायनॅमिक्सचा तास, हे मात्र जड जातं. पेंगलेल्यांना सर तरी किती शिकवणार?

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. पुढे त्यांना नोकरीत घ्यायचं की नाही, याचं धोरण मालकानं स्वतः ठरवायचं असतं. आमच्या कारखान्यातलं ते धोरण मी अजून नोटीस बोर्डावर पाहिलेलं नाही. कँटीनचा मेन्यू तेवढा रोज लागतो.

– एक शिकाऊ, चाकण