आई, ते सोमवार सोड आता

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनवरच सांगणार होतो, पण बाबा लगेच 'गौरीला येताय ना' वर आले आणि माझी जीभच वळेना. म्हणून टाइप करतोय, चष्मा लावून सावकाश वाचा. कोल्हापूरची जागा सोडतोय आम्ही. पुढच्या महिन्यापासून मुंबई, परळजवळ. डिपॉझिट देऊन झालंय, त्यामुळे आता रागावून उपयोग नाही. छकुलीचं नाव केईएमला नोंदवलंय, रेअर आजारांच्या सरकारी योजनेत ५० लाखांपर्यंत मदत होऊ शकते, आणि दर वेळी रात्रभर महालक्ष्मी एक्स्प्रेसनं तिला न्यायचं म्हणजे तिचे हाल हो. जागा छोटी आहे पण लिफ्ट आहे, पाणी चोवीस तास. तुम्हाला कॉटही घेतोय.

लिव्हरचा आजार कळला तेव्हा ती उभी राहत नाही तेही त्यातलंच, असं आपण सगळ्यांनीच धरलं, डॉक्टरांनीसुद्धा. फिजिओवाल्या मॅडमना तिची बोटं थरथरताना दिसली, गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय हललाच नाही. तो दुसराच आजार निघाला, एसएमए, त्यात स्नायू हलवणाऱ्या नसा निकामी होत जातात. पहिल्या मोठ्या जेनेटिक रिपोर्टमध्ये तो सापडलाच नव्हता, त्याची टेस्ट वेगळी असते म्हणे.

आणि आई, मामाशी बोलणं टाकलंयस ते आधी सुरू कर. मामाची मुलगी करायची हे काय तू नवीन काढलंस? मला ती आठवीपासून आवडायची, आता सांगायला काय. दोन्ही आजारांचे जीन आजी-आजोबांकडून गुपचूप तुझ्यात आणि मामात आले, तिथून आम्हा दोघांत. आमच्या मुलाला एकेक आजार व्हायचा चान्स चारात एक, दोन्ही एकदम म्हणजे सोळात एक. ती सोळातली एक आपली छकुली. यात तुझं काय चुकलं? मला मिसरूड फुटेपर्यंत वरणभात कालवून भरवणारी तू, तू कुणाचं वाईट करशील?

तिचे गुबगुबीत गाल, पुढे आलेलं पोट, आपण कौतुकानं बघायचो, तो लिव्हरचा आजारच होता गं, लिव्हर साखर साठवतं पण लागेल तेव्हा सोडत नाही. म्हणून पेढा, केळं, दूध काही म्हणजे काही द्यायचं नाही, चाटवायचंसुद्धा नाही. रात्री दोनला अलार्म वाजला की ही कच्चं कॉर्नफ्लोअर गार पाण्यात ढवळते, गरम केलं तर साखर लवकर उतरते. पिल्लू अर्धवट झोपेत पेला संपवतं आणि चमचा हातात धरूनच झोपतं. चार तास उपाशी ठेवता येत नाही तिला, आणि तू तिच्यासाठी निर्जळी सोमवार धरतेस, शुगरची गोळी घेऊन! देवाला मी सांगतो काय ते.

बाबा, तुम्ही लक्ष ठेवा, बीपीची गोळी तुमचीही चुकते हे मला माहितीये. धाकटीचं कुठे ठरायच्या आधी तिची कॅरियर टेस्ट करून घेऊ, म्हणजे हे जीन तिच्यातही लपलेत का ते कळेल, साधी रक्ताची असते, उगाच घाबरवू नका तिला.

सोमवारी सकाळी पोह्यांच्या बशीचा फोटो टाक आई. तो आला की मगच व्हिडिओ कॉलवर छकुलीला देईन.

तुमचा,
बाळू