सूचना: बी विंगच्या काकांसाठी
मंडळी, काकू वाशीला आयसीयूत आहेत हे कळलंच असेल, आता काकांना सांभाळायचंय. सारखे फोन करून 'कसं आहे' विचारू नका प्लीज, तेच तेच सांगून माणूस खचतो, अपडेट मीच इथे टाकत जाईन. 'काही लागलं तर सांगा' म्हटलं तर ते कधीच सांगणार नाहीत, सरळ डबा घेऊन जा, वरणभात पुरे, त्यांना शुगर आहे म्हणून गोड नको. रात्रभर आयसीयूबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून असतात, मुलांपैकी कुणी थांबलं तर नेरुळला घरी येऊन आंघोळ करून जरा पाठ टेकतील. रक्त लागणारे, आधीच्या रक्तदानाला पुरुषांना 3 आणि बायकांना 4 महिने झाले असतील तरच रक्तगटासह नाव द्या, आज संध्याकाळपर्यंत.