निर्लेखनाच्या फाइलीत एक रकाना वाढवा

प्रति,
मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

तालुक्याच्या गावी जुनी दगडी शाळा किंवा कचेरी गळायला लागली की काय होतं, हे आपल्या खात्याला सांगायला नको. पाहणी होते, 'जीर्ण' असा शेरा पडतो, निर्लेखनाचा, म्हणजे इमारत दप्तरातून कमी करून पाडण्याचा, प्रस्ताव वर जातो आणि यथावकाश तिथे आरसीसीचा ठोकळा उभा राहतो. यात कुणाची लबाडी असतेच असं नाही. नव्या इमारतीला निधी मिळतो, वर कोनशिलाही बसते. उन्हाळ्यात कौलं चाळायला मागितलेल्या रकमेला मात्र कात्री लागते. मग पाणी मुरतं, वासे कुजतात आणि पाडायला कारण मिळतं.

निर्लेखन ठरवताना दुरुस्तीचा खर्च आणि नव्या बांधकामाचा खर्च यांची तुलना होते. उभ्या भिंती पाडून तेवढंच बांधकाम पुन्हा करताना हवेत किती कार्बन जाईल, हे कुणी विचारत नाही. सिमेंटचा क्लिंकर, म्हणजे जे दळून सिमेंट होतं ते भाजलेले खडे, करायला चुनखडी सुमारे १४५० अंशांवर भाजावी लागते. भट्टीच्या जळणाचा धूर वेगळाच, खुद्द चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के धरतात, तो यामुळेच. उलट, जुन्या दगडी भिंतीसाठी जे काही खर्ची पडायचं होतं ते कधीच पडून गेलं आहे.

आता त्या 'जीर्ण' भिंतीकडे जवळून बघा. जमिनीपासून दोन-तीन फूट गिलावा फुगलेला, पांढरे क्षार फुटलेले, हात लावला की पापुद्रे गळतात. तो गिलावा बहुतेक वेळा सिमेंटचा असतो, मागच्या कुठल्या तरी दुरुस्तीत मारलेला. चुन्यातून भिंतीतला ओलावा बाहेर पडत असतो. सिमेंटने ती वाट बंद केली की पाणी आत कोंडतं. म्हणजे दुरुस्तीच चुकीची केली आणि शेरा भिंतीवर मारला! सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा केला आणि छप्पर बदललं, तर यातल्या कितीतरी इमारती सहज उभ्या राहतील.

किल्लारीचं काय, असं आपले अभियंते विचारतील. रास्त आहे. १९९३ सालच्या तिथल्या भूकंपात दगडी घरांनीच माणसं गाडली. पण ती घरं मातीत रचलेल्या दगडांची होती, डोक्यावर मातीच्या धाब्याचं ओझं होतं आणि भिंतीची दोन्ही अंगं बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते. त्याच भूकंपानंतर उभ्या घरांची दुरुस्ती आणि बळकटीकरण करण्याचा मोठा कार्यक्रम राज्य शासनानेच राबवला होता. तेव्हा हे तंत्र आपल्याला नवं नाही. जी इमारत खरोखर धोकादायक आहे ती पाडाच. मुलांच्या डोक्यावर वारसा टांगून ठेवा, असं कुणीच म्हणणार नाही.

वापर बदलून इमारत जगवल्याची उदाहरणंही दूरची नाहीत. मुंबईत १९११ सालच्या कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला दालन आहे. पणजीत जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या इमारतीत २००४ पासून चित्रपट महोत्सवाची लगबग असते. आपल्याकडच्या रिकाम्या कचेऱ्यांत निदान अभ्यासिका तरी चालतील.

जिथे नवं बांधणं भागच आहे, तिथे भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी घालून क्लिंकर निम्म्यावर आणणारं एलसी-३ सिमेंट वापरता येईल. २०२३ पासून त्याला भारतीय मानक आहे. निविदेत त्याचं नाव आलं, तर कंत्राटदार आणतील.

मागणी तेवढी मोठी नाही. निर्लेखनाच्या प्रत्येक प्रस्तावात कार्बनचा रकाना घाला. 'जीर्ण' हा शेरा चुन्याचं आणि दगडाचं काम जाणणाऱ्या अभियंत्याच्या सहीशिवाय ग्राह्य धरू नका. पाडावंच लागलं तर घडीव दगड आणि सागवान राडारोड्यात न टाकता मोजून नव्या कामात वापरा. आणि यंदाच्या अर्थसंकल्पात देखभाल-दुरुस्तीच्या लेखाशीर्षाला, निदान कौलं चाळण्यापुरती, कात्री लावू नका.

आपला,
मराठवाड्यातील एक स्थापत्य अभियंता